आभाळ बघणारा दिवा

१

आरसा दिसायला देखणा होता, त्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. गाडीच्या दाराबाहेर कानासारखा लटकणारा, अंड्यासारखं गुळगुळीत काळं कवच ल्यालेला आरसा. त्या कवचाच्या फुगीर गालावर एक छोटा पिवळा दिवा बसायचा होता. गाडी वळणार असली की तो लुकलुकून मागच्याला सांगणार, ‘बाबा रे, जरा दमानं.’ साचा तयार झाला, साच्यातून पहिलं कवच निघालं आणि ग्राहक कंपनीची कडक इस्त्रीची माणसं शुक्रवारी सकाळी बघायला आली. दिवा बसवला, बटण दाबलं, आणि पिवळा उजेड थेट छतावर पडला.

मागच्या गाडीवाल्याला सोडून दिवा चिमण्यांना खुणावत होता.

कोणी ओरडलं नाही. जर्मनीत अशा वेळी कोणी ओरडत नाही, तीच भीतीची गोष्ट. गटप्रमुख हेर, म्हणजे श्रीयुत, क्नाउस यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ‘इंटरेसांट’ एवढंच म्हणाले. मग कॉम्प्युटरवरचं मॉडेल उघडलं गेलं. दिवा ज्या रेफरन्स प्लेनवर बसतो, ते प्लेनच कोणीतरी जागचं हलवलं होतं. शेवटचा बदल कोणाच्या नावावर आहे तेही कॉम्प्युटरनं निर्विकारपणे सांगितलं. वेदांग.

"सोमवारी बोलू," हेर क्नाउस म्हणाले. "पर्सोनालअबटायलुंगची मंडळीही येतील." पर्सोनालअबटायलुंग म्हणजे माणसं ठेवणारं आणि काढणारं खातं. ठेवायच्या वेळी ते कधी सोमवार धरून बसत नाही.

हे सगळं शरदचंद्र वाटवे यांना स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनच्या फ्लॅटमध्ये आमटी-भात कालवताना कळलं. वेदांग त्यांचा जावई. मुलगी तनया नवव्या महिन्यात, म्हणून प्रभाताई सांगलीहून बाळंतपणाला आलेल्या. बाळंतपणाला आई येते. वडील सामानाबरोबर येतात. मार्चपासून शरदचंद्र खिडकीत बसून समोरचे लोक वेगवेगळ्या डब्यांत कचरा कसा वाटून टाकतात ते बघत होते, आणि त्यात लबाडी कोण करतं यावर त्यांची नजर होती. सवय कुठं जाणार? सगळा जन्म विमा कंपनीत दाव्यांच्या चौकशीत गेलेला. मेलेली म्हैस खरंच मेली आहे का, आणि मेली असेल तर विमा उतरवलेलीच मेली का, हे ठरवता ठरवता केस पिकले होते.

"करार या महिनाअखेरीला संपतो," वेदांग म्हणाला. "वाढवून देणार होते. आता कसले देतायत! आणि नोकरी गेली की इथं राहायची परवानगीही गेली."

"आणि माझी तारीख पुढच्या आठवड्यातली," तनया म्हणाली. एवढंच म्हणाली.

प्रभाताईंनी आमटीचा डाव भांड्यात परत ठेवला.

"तुम्ही हलवलंत का ते प्लेन?" शरदचंद्रांनी विचारलं.

"नाही हो बाबा."

"मग हलवलं कोणी?"

वेदांग ताटातला पापड मोडत राहिला. पापडाचा भुगा झाला तरी मोडतच राहिला. शरदचंद्रांच्या नाकाला ओळखीचा वास आला. म्हैस मेली होती हे खरं, पण जावईबापू काहीतरी लपवत होते.

२

"आधी मला सांगा, हे प्लेन म्हणजे काय प्रकरण आहे," जेवणं उरकल्यावर शरदचंद्र म्हणाले.

वेदांगनं एक उकडलेलं अंडं आणलं आणि बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात तो गोल पुठ्ठा.

"हा पुठ्ठा घरात कसा?" प्रभाताई म्हणाल्या.

"आई, तो मुद्दा नाहीये," तनया घाईघाईनं म्हणाली.

"हे बघा बाबा. सपाट टेबलावर पुठ्ठा कुठंही ठेवा, त्याचं तोंड वरच. पण अंड्यावर ठेवला तर तो एकाच बिंदूवर टेकतो. टोकावर टेकवला तर त्याचं तोंड आभाळाकडे, पोटावर टेकवला तर भिंतीकडे. आमचा दिवा या पुठ्ठ्यावर बसतो. म्हणून पुठ्ठा नेमका कुठल्या बिंदूवर टेकवायचा ते आधी पक्कं करून ठेवायचं. तेच ते प्लेन."

"आणि बिंदू बदलला तर?"

"सगळंच बदलतं. मॉडेलमध्ये प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीला बांधलेली. प्लेन बिंदूला, दिवा प्लेनला, स्क्रूची भोकं दिव्याला."

"एकत्र कुटुंब," शरदचंद्रांनी मान डोलावली. "आजोबा कुशीवर वळले की नातवाच्या अंगावरचं पांघरूण जातं. मग आजोबा कुशीवर वळले कसे?"

वेदांगनं मॉडेलचा कागदावर काढलेला प्रिंट पसरला. "मी बांधलेला बिंदू गायबच आहे. स्टाइलिंगवाल्यांनी मध्येच कवचाचा नवा आकार पाठवला. जुना आकार गेला, त्याच्यावरचा बिंदूही गेला. अशा वेळी कॉम्प्युटर लाल खूण दाखवतो, की बाबांनो, प्लेन अधांतरी आहे, नवा बिंदू द्या. कोणीतरी दिला. हा इथला. दोन बोटं वर."

बोटाखाली मुंगीएवढ्या बारीक रेघा होत्या. शरदचंद्रांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"अहो, हा तर श्री आहे!"

वेदांग ओशाळला. "सवय आहे. शाळेत कोऱ्या पानावर आधी श्री, मग गणित. तसंच नव्या मॉडेलमध्ये पहिलं स्केच श्रीचं. साच्यात ते उतरत नाही, नुसतं स्क्रीनवर दिसतं. आकार बदलला तरी ते आपल्या जागी राहतं."

"आणि साहेबानं विचारलं तर?"

"म्हणून त्याला नाव देतो ‘हिल्फ्सगेओमेट्री’. म्हणजे मदतीपुरत्या काढलेल्या रेघा. असं भारदस्त नाव दिलं की इथं कोणी काही विचारत नाही." त्यानं उसासा टाकला. "पण आता तेच अंगाशी आलंय. प्लेन त्या श्रीच्या टोकाला बांधलेलं सापडलं. सगळे म्हणतात, स्केच तुझं, लॉगिन तुझं, मग हात काय शेजाऱ्याचा?"

"हा बदल झाला कधी?"

वेदांग पुन्हा पापड शोधू लागला, पण ताटं उचलली गेली होती. "मार्चात," तो पुटपुटला. "तुम्ही आलात त्या... म्हणजे एका गुरुवारी. दुपारी."

"अहो!" प्रभाताई उठून उभ्याच राहिल्या. "त्या दुपारी तर आपण उतरलो!"

त्या दुपारी वेदांग ऑफिसात नव्हताच. तो विमानतळावर सासूबाईंच्या कुरडयांची बॅग ढकलत होता.

३

आरोपीचा साक्षीदार स्वतः चौकशी अधिकारीच निघावा, असं शरदचंद्रांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांना विमानतळावरचा जावई आठवला. बाहेर बोचरी थंडी, आणि हा पठ्ठ्या नुसत्या सदऱ्यात कुडकुडत उभा.

"तुमचा कोट कुठं होता त्या दिवशी?"

वेदांग पुठ्ठा उलटसुलट करू लागला.

"ऑफिसात. खुर्चीच्या पाठीवर," शरदचंद्र स्वतःच म्हणाले. "कॉम्प्युटर चालू, कोट खुर्चीला, साहेबाला वाटावं माणूस इथंच कुठंतरी आहे. अहो, आमच्या ऑफिसात जोगळेकरांची टोपी अशी हजर असायची. जोगळेकर निवृत्त झाले तेव्हा निरोप टोपीला द्यावा की माणसाला, यावर वाद झाला होता."

"रजा मागितली होती हो बाबा. क्नाउससाहेब म्हणाले, या आठवड्यात शक्य नाही. उरलेली रजा बाळासाठी ठेवायची होती. आणि इकडे तुमचा निरोप आलेला..."

"कसला निरोप?"

"‘जावई घ्यायला आला पाहिजे,’" प्रभाताईंनी शब्दन्शब्द ऐकवला. "मी म्हणत होते, टॅक्सी करू. तुम्ही म्हणालात, मानपानाचा प्रश्न आहे."

शरदचंद्रांनी विषय बदलला. "मग सोमवारी सरळ सांगून टाका, मी नव्हतो म्हणून."

"आणि कामाच्या वेळेत न सांगता पळालो, मशीन उघडं टाकून, हेही सांगू? साहेब विचारतील, प्लेन तू हलवलं नाहीस हे कशावरून? आणि नसलास, तर का नव्हतास? दोन्हीकडून मरण." वेदांगनं दार बंद आहे ना ते बघितलं, जणू हेर क्नाउस जिन्यात कान लावून उभे होते. "शिवाय माझ्या खुर्चीवर बसलं कोण, ते मला कुठं माहीत आहे? त्या दुपारी आमच्या खोलीत दोघंच होते. सुमित आणि स्वरूपा."

"दोघं कसे आहेत?"

"चांगले आहेत," वेदांग म्हणाला. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "असं मला आज सकाळपर्यंत वाटायचं."

४

शनिवारी दोघांना जेवायला बोलावलं. संशयिताला उपाशी ठेवून काही कळत नाही, हा शरदचंद्रांचा अनुभव होता. तोंड उघडायला आधी तोंडात काहीतरी घालावं लागतं.

स्वरूपा ठाण्याची. आल्या आल्या पदर नसतानाही खोचल्यासारखी स्वयंपाकघरात शिरली आणि प्रभाताईंबरोबर थालिपिठं थापू लागली. शरदचंद्र पाणी प्यायच्या निमित्तानं तिथंच रेंगाळले.

"काका, विचारायचं ते विचारा. किती पाणी पिणार?"

"वेदांग त्या दिवशी गेला हे तुला माहीत होतं?"

स्वरूपाचा हात थालिपिठावर थांबला. "होतं. संध्याकाळी त्याचं हजेरीचं कार्ड मीच मशीनवर टेकवलं. बिचारा सासऱ्यांना घाबरून पळाला होता."

"घाबरून?" प्रभाताईंनी तवा बघत विचारलं.

"आदरानं," स्वरूपानं दुरुस्ती केली. "पण काका, हे बाहेर गेलं तर मीही त्याच विमानानं घरी. आणि सुमितला विचारा की, त्याची खुर्ची वेदांगच्या शेजारी. तो आजकाल कोणाशी धड बोलत नाही."

सुमित बाल्कनीत सापडला. नाशिकचा, उंच, आणि खिशातला फोन सारखा चाचपणारा.

"वेदांगची जागा रिकामी झाली तर तुला मिळेल म्हणे," शरदचंद्रांनी हवेत खडा टाकला.

"मला? मला नकोय ती जागा!" सुमित भडकला, मग आवाज खाली आणला. "काका, कार्ल्सरूहेला दुसरीकडे बोलणी चाललीत माझी. त्या दुपारी मी निम्मा वेळ जिन्यात फोनवर होतो. हे स्वरूपाला कळलं तर उद्या अख्ख्या स्टुटगार्टला कळेल. खोलीत तीच एकटी होती. काय समजायचं ते तुम्ही समजा."

"ती म्हणते, तुझी खुर्ची शेजारी."

"आणि ती स्वतः काय करत होती? प्रिंटरपाशी गप्पा! ती परत आली तेव्हा मी नव्हतो, मी आलो तेव्हा ती नव्हती."

म्हणजे खोली मधल्या काळात रिकामी होती. शरदचंद्रांनी हे मनात बाजूला ठेवलं आणि दोघांना जेवायला बसवून मॉडेलचा प्रिंट पुढे केला.

"ही हिल्फ्सगेओमेट्री काय असते रे?"

दोघं एकदमच हसले. "काका, श्री आहे तो," स्वरूपा म्हणाली. "जर्मन लोकांसाठी वेष बदललेला."

"मी तर त्याच्या मॉडेलवर काम करायचं झालं की आधी ते स्केच डोळ्याआड करतो," सुमित म्हणाला. "चुकून त्याच्यावर क्लिक नको. म्हणजे माझा देवावर विश्वास आहे असं नाही..."

"पण उगाच कशाला," शरदचंद्रांनी वाक्य पुरं केलं.

"हो ना."

शरदचंद्रांनी थालीपीठ मोडलं आणि ते हातातच राहिलं. प्रभाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर हा चेहरा त्या ओळखत होत्या. म्हैस कोणाची, ते सापडलं होतं.

"तुमचे क्नाउससाहेब," ते सावकाश म्हणाले, "स्वतः कधी मॉडेलला हात लावतात का?"

"छे! ते गटप्रमुख आहेत," वेदांग म्हणाला.

"पूर्वी मात्र नंबर एकचे डिझायनर होते," सुमित म्हणाला. "अजूनही कोणाच्या स्क्रीनवर लाल खूण दिसली की त्यांचे हात शिवशिवतात."

"तनू," शरदचंद्र मुलीला म्हणाले, "उद्या तुझ्या नवऱ्याच्या साहेबाला कॉफीला बोलाव. आणि मला एक कलिंगड हवं. गुळगुळीत."

५

रविवारी हेर क्नाउस ठरल्या वेळेला फुलांचा गुच्छ घेऊन दारात उभे राहिले. येतील की नाही अशी धाकधूक होती. पण तनयानं फोनवर ‘घरी केलेला केक’ म्हटलं होतं, आणि श्वाबेनातला, म्हणजे या भागातला, माणूस त्या शब्दांपुढे दुबळा असतो. सुमित आणि स्वरूपा आधीच येऊन सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते. मध्ये आणखी तिघं सहज मावले असते.

टेबलावर केकच्या शेजारी कलिंगड होतं. त्यावर तीन खुणा होत्या. एक फळवाल्याचं स्टिकर. एक लाल टिकली, प्रभाताईंच्या पाकिटातली. आणि माथ्याजवळ बॉलपेननं काढलेला बारीकसा श्री, त्याला टाचणीनं खोचलेली एवढीशी चिठ्ठी.

"माझं म्हातारपणचं शिक्षण चाललंय," शरदचंद्र आपल्या विमा खात्याच्या इंग्रजीत म्हणाले. "फुगीर वस्तूवर प्लेन कुठं टेकवायचं ते शिकतोय. सगळ्यांनी एकेकदा करून दाखवायचं. कोणी कोणाला सांगायचं नाही."

आधी स्वरूपा उठली. पुठ्ठा घेतला, हात श्रीपाशी गेला, जरासा वळसा घेऊन खाली सरकला आणि पुठ्ठा स्टिकरवर टेकला. सुमितनं लाल टिकली निवडली. वेदांगनंही टिकलीच.

"आल्झो," म्हणजे ‘तर मग’, असं म्हणत हेर क्नाउस पुढे झाले. त्यांनी चष्मा सरळ केला, कलिंगडाला एक फेरी मारली, वाकून चिठ्ठी वाचली. चेहऱ्यावर जुनी, कामातली खुशी आली. त्यांनी पुठ्ठा श्रीच्या टोकावर, अगदी हलक्या हातानं टेकवला. पुठ्ठ्याचं तोंड छताकडे.

"इथंच का?" शरदचंद्रांनी विचारलं.

"कारण इथं लिहिलंय. हिल्फ्सगेओमेट्री. टिकली कोणाची ठाऊक नाही, स्टिकर तर दुकानाचं. ही मात्र डिझायनरनं मदतीसाठी नाव देऊन ठेवलेली जागा आहे." मग त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. पुठ्ठ्यानं आभाळाकडे. "दुसरं काय निवडणार?"

"आमच्यापैकी कोणीही दुसरं काहीही निवडेल," शरदचंद्र म्हणाले. "साहेब, ती मदतीची रेघ नाही. ते आमच्या देवाचं नाव आहे, काम सुरू करताना लिहायचं. वेदांगला ते ठाऊक, कारण त्यानंच लिहिलं. या दोघांनाही ठाऊक. सुमित तर क्लिक होऊ नये म्हणून ते लपवतो. यांच्यातला कोणी खोडसाळपणा करणार असता तरी त्याला जागा कमी नव्हती. सगळं कवच मोकळं होतं. त्या टोकाला प्लेन बांधणारा माणूस एकच. ज्याला अक्षर कळत नाही आणि चिठ्ठीवर पूर्ण विश्वास आहे असा."

हेर क्नाउस यांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत राहिले.

"खोली रिकामी होती," शरदचंद्रांनी आवाज मऊ केला. "खुर्चीला कोट, कॉम्प्युटर उघडा, त्यावर लाल खूण."

हेर क्नाउस खुर्चीत टेकले. "साच्याच्या कारखान्याला फाइल त्याच दिवशी द्यायची होती. मला वाटलं, वेदांग कॉफीला गेलाय. दोन क्लिकचं काम. मी केलं, आणि मला बरं वाटलं. फार दिवसांनी स्वतः काहीतरी केलं होतं."

"मग शुक्रवारी बोलला का नाहीत?" तनया जर्मनमध्ये म्हणाली. ऑफिसातल्या कोणी त्यांना या सुरात कधी काही विचारलं नसावं.

"मी दुरुस्त करून गेलो होतो," हेर क्नाउस अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "त्यानंतर कोणीतरी बिघडवलं असणार, असंच मला वाटलं. माझी दुरुस्ती हीच चूक असेल, हे डोक्यातच आलं नाही."

प्रभाताईंनी त्यांच्या ताटलीत केकचा तुकडा वाढला. मोठा नव्हता.

"उद्या मी सगळं सांगेन," ते उठत म्हणाले. दारापाशी थांबले. "पण सगळं म्हणजे सगळं. कोट खुर्चीवर होता आणि माणूस नव्हता, हेसुद्धा. अर्धं खरं सांगणं मला जमत नाही."

सोफ्याच्या एका टोकाला स्वरूपानं श्वास रोखला. वेदांगनं तनयाकडे बघितलं. तनयानं होकारार्थी मान हलवली.

"सांगा," वेदांग म्हणाला. "मी कुठं होतो ते मी सांगेन."

"गेनाऊ," म्हणजे ‘बरोबर’, एवढंच हेर क्नाउस म्हणाले, आणि पायपुसण्यावर पाय पुसून बाहेर गेले.

६

सोमवारची सकाळ सरता सरेना. तनया फोनसमोर बसली होती. प्रभाताईंनी तिला डिंकाचा लाडू दिला, तो तिनं खाल्ला नाही, तेव्हा तो प्रभाताईंनीच खाल्ला. शरदचंद्र खिडकीत बसले खरे, पण समोरच्या बाईनं काच कागदाच्या डब्यात टाकली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

आपण जावयाला वाचवलं की अर्धाच वाचवला? दावा मंजूर करून घ्यायला गेलेल्या माणसाचं घरच जप्त झाल्याची प्रकरणं त्यांनी पाहिली होती. प्लेनच्या आरोपातून सुटला आणि कोटापायी गेला, तर पोरीनं बाळंतपण कुठं करायचं?

फोन वाजला. तनयानं स्पीकरवर घेतला.

"साहेबांनी सगळं सांगितलं," वेदांगचा आवाज आला. "स्वतःहून, सगळ्यांसमोर, माझ्या आधी. ग्राहकाकडेही तेच जाणार आहेत. पर्सोनालवाली बाई विचारत होती, देवाचं नाव फाइलमध्ये चालतं का. साहेब म्हणाले, चालतं, पण चिठ्ठी खरी लावायची."

"आणि तुझं काय?" तनया ओरडलीच.

"मी विमानतळावर होतो म्हणून सांगितलं. कार्डाचं कोणी विचारलं नाही, मी बोललो नाही. कराराचं..." पलीकडे कागद फडफडला. "त्यावर अजून निर्णय नाही म्हणाली ती बाई. नुसती एक अबमानुंग दिलीय हातात."

"ते काय असतं?" शरदचंद्रांनी विचारलं.

"ताकीदपत्र, बाबा. लेखी. न सांगता कामावरून गेल्याबद्दल. माझ्या फाइलला लागणार." आवाज पडला. "पुन्हा असं केलं तर पुढे कारवाई होईल, असं लिहिलंय."

तनयाचे डोळे भरून आले. प्रभाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे असं बघितलं, की टॅक्सी आणि मानपान दोन्ही त्यात आलं.

शरदचंद्र मात्र हसत होते. सांगलीहून निघाल्यापासून पहिल्यांदाच दात दिसतील असे.

"पुढे? काय लिहिलंय म्हणालात, ‘पुढे कारवाई होईल’?"

"हो."

"जावईबापू, पेढे घेऊन या. महिनाअखेरीला ज्याला घालवायचं असतं त्याला कोणी मेमो देत नाही हो, नुसता निरोप देतात. मला स्वतःला सात मिळालेत. सगळे कायम झाल्यावर."

पलीकडे पाठीमागून कोणीतरी वेदांगला हाक मारली, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि हेर क्नाउस यांचा आवाज अगदी जवळून, विचारत असल्यासारखा आला, की वाढवलेल्या करारावर सही करायला पेन आहे ना.